स्थिर आयपी पत्ता
स्थिर आयपी पत्ता म्हणजे संगणक-जाळ्यातील उपकरणाला हाताने नेमून दिलेला, न बदलणारा पत्ता होय. इतर उपकरणांना राउटर डीएचसीपी या नियमावलीनुसार (१९९३) ठरावीक मुदतीपुरते पत्ते आपोआप देतो. लहान कार्यालयात स्थिर पत्ता बहुधा प्रिंटरला देतात. तो स्वयंचलित वाटपाच्या मर्यादेबाहेरचा असावा लागतो, वाटप १९२.१६८.१.१०० पासून १९२.१६८.१.१९९ पर्यंत असल्यास १९२.१६८.१.२० चालतो. अन्यथा चूक कित्येक महिने लपून राहू शकते. मालवणसारख्या किनारी गावात पावसाळ्यात वीज जाऊन परतली, की राउटर लगेच सुरू होतो, प्रिंटर मात्र बंदच असतो. त्याचा पत्ता मोकळा समजून राउटर तो एखाद्या मोबाइलला देतो. पुढे प्रिंटर सुरू करताच दोघांचा संघर्ष होऊन छपाई अडते. राउटरमध्येच मॅक पत्त्यानुसार आरक्षण करणे अधिक सोयीचे. राउटर बदलल्यास मात्र ते पुन्हा करावे लागते.