ठिणगीची वेळ



वैशाखांत अकोला आणि अमरावती येथील पारा कधीं कधीं ४५ अंशांच्याहि वर चढतो. अशा दिवसांत परतवाड्याहून सुमारें ३,६०० फूट उंचीच्या चिखलदऱ्याकडे निघालेल्या जुन्या जीपचें पाणी उकळूं लागलें, तर सारा दोष उन्हाच्या माथीं मारला जातो. तो पुष्कळदां खराहि असतो. पण सर्वदा नव्हे. कधीं कधीं खरा अपराधी इंजिनाच्या पोटांत असतो, आणि तो म्हणजे अवेळीं पडणारी ठिणगी.

पेट्रोल व हवा यांचें मिश्रण जळण्यास कांहीं वेळ लागतोच. म्हणून दट्ट्या वरच्या टोकास पोंचण्यापूर्वींच ठिणगी पडावी लागते. इंजिन मिनिटास ६०० फेरे घेत असेल, तर दहा अंश फिरण्यास त्यास सेकंदाचा ३६० वा भाग लागतो. ३,००० फेऱ्यांच्या वेळीं तोच काळ १,८०० व्या भागावर येतो. ज्वाळेची गति त्या मानानें वाढत नाहीं. तेव्हां वेग वाढेल तशी ठिणगी अधिक आधीं पडली पाहिजे.

१९०८ सालीं निघालेल्या फोर्डच्या टी नमुन्याच्या मोटारींत हें काम चालकाच्या हातीं होतें. सुकाणूच्या चाकाखालीं डावीकडे ठिणगीचा दांडा असे. हँडल मारतांना तो मागें घ्यावयाचा. विसरल्यास हँडल उलट फिरून मनगट मोडण्याचें भय असे. पुढें अमेरिकेंतील चार्ल्स केटरिंग यांनीं बॅटरी, कॉइल व पॉइंट यांची योजना सिद्ध केली. त्यांच्या डेल्को कंपनीचें नांव मिस्त्री मंडळींच्या तोंडीं असें बसलें कीं, पुष्कळ ठिकाणीं डिस्ट्रिब्युटरलाच डेल्को म्हणूं लागले. डिस्ट्रिब्युटरमधील फिरतीं वजनें ठिणगी आपोआप मागेंपुढें करूं लागलीं, आणि दांडा नाहींसा झाला. परंतु कान देऊन ऐकण्याची जबाबदारी कांहीं गेली नाहीं.

दुसऱ्या महायुद्धांत पेट्रोलवर नियंत्रण आलें, तेव्हां देशांतील कित्येक बसगाड्या लांकडी कोळशाच्या गॅसवर धांवल्या. तो गॅस सावकाश जळतो, म्हणून ठिणगी अधिक आधीं पाडावी लागे. पुन्हा पेट्रोलवर येतांना ती मागें न घेतल्यास इंजिन ठोके देणार, हें उघड आहे.

१९४७ पासून महिंद्रांनीं मुंबईंत जोडलेल्या विलीज जीपचें उदाहरण घेऊं. तिचे सिलिंडर १-३-४-२ या क्रमानें पेटतात व ठिणगी टोकापूर्वीं पांच अंशांवर ठेवतात. ठिणगीस उशीर झाला, तर गाडी चढावर ओढत नाहीं, पेट्रोल अधिक खाते आणि पाणी तापतें. घाई झाली, तर भार पडतांच टकटक ऐकूं येते. ती चालू दिल्यास दट्ट्याचा नाश होतो. मात्र पेट्रोलांत रॉकेलची भेसळ असली तरीहि अशीच टकटक होते, हें ध्यानांत ठेवावें.

परीक्षेचा क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम पॉइंट स्वच्छ करून त्यांतील फट एक इंचाच्या वीस सहस्रांशांइतकी करावी. पॉइंटची टांच झिजली कीं फट कमी होते आणि ठिणगी आपोआप उशीरां पडते. म्हणून फट न मोजतां डिस्ट्रिब्युटर फिरविणें म्हणजे रोग सोडून लक्षणावर औषध देणें होय. मग पहिला सिलिंडर दाबाच्या फेरींत असतांना इंजिन हँडलनें खुणेवर आणावें आणि पॉइंटना लहान दिवा जोडून किल्ली चालू करावी. डिस्ट्रिब्युटर हळूहळू फिरवितां पॉइंट उघडतांच दिवा लागतो. तीच ठिणगीची वेळ. तेथें स्क्रू आंवळून गाडी चढावर न्यावी. जोरानें पेट्रोल देतांच किंचित् टकटक होऊन ती लगेच विरली, तर वेळ जमली असें समजावें.

इतकें करून, रेडिएटर व पंख्याचा पट्टा तपासूनहि पाणी उकळलेंच, तर मग खुशाल उन्हास बोल लावावा.