लाज, शरम आणि भीड

लाजाळूसाठी इंग्रजीत ‘बॅशफुल’ हा एक शब्द आहे. त्याचे मूळ जुन्या फ्रेंचमधल्या थक्क होण्याच्या क्रियापदात. म्हणजे आधी बावरणे, मग लाजणे. आपली ‘लाज’ संस्कृत ‘लज्जे’तून आली, ‘शरम’ फारसीतून. पूर्वीच्या औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, १९४८ पर्यंत आधी फारसी, मग उर्दू दरबारी भाषा होती; इथे दोन्ही शब्द शेजारी नांदले. तिसरा शब्द ‘भीड’. हिंदीत ती गर्दी, मराठीत संकोच.

आता गंमत पाहा. ‘निर्लज्ज’, ‘बेशरम’ या शिव्या. ‘निर्भीड’ मात्र गौरव! वर्गात प्रश्न विचारायला कचरणाऱ्या मुलीला आपण ‘लाजू नकोस’ म्हणतो. लाज तिची राहू द्या, भीड तेवढी सुटू द्या.