थ्री नॉट थ्रीच्या पोटातली टू टू : नेमबाजी शिकवणाऱ्या रायफलीचा इतिहास

‘थ्री नॉट थ्री’ हे नाव भारतात कोणाला सांगावे लागत नाही. पोलीस ठाण्याच्या पहारेकऱ्यापासून गृहरक्षक दलाच्या संचलनापर्यंत ही ली-एनफिल्ड रायफल भारतीयांच्या चार पिढ्यांनी पाहिलेली आहे. मात्र तिचे एक जुळे भावंडही होते, आणि ते फारसे कोणाच्या लक्षात आले नाही. तोच लाकडी दस्ता, तोच बोल्ट, जवळजवळ तेच चार किलो वजन. पण आतली नळी अवघी ५.६ मिलिमीटरची, म्हणजे ‘पॉइंट टू टू’ची. युद्धासाठी मोठ्या कष्टाने शक्तिशाली केलेले शस्त्र लष्कराने पुन्हा मुद्दाम दुबळे का करावे, या प्रश्नाचे उत्तर यंत्रशास्त्रात जितके आहे तितकेच ते माणसाच्या मज्जासंस्थेतही आहे.

प्रथम या दोन काडतुसांतला भेद पाहू. काडतुसाच्या तळाशी आघाताने पेटणारे मिश्रण असते. सेंटरफायर काडतुसात ते तळाच्या मध्यभागी एका छोट्या टोपीत बसवलेले असते. फायरिंग पिन नेमकी तिथे आदळते. रिमफायर काडतुसात वेगळी टोपी नसते. तळाच्या पोकळ कडेतच ते मिश्रण पसरलेले असते आणि पिन त्या कडेला चिरडते. कड चिरडली जावी म्हणून तिचा पत्रा पातळ ठेवावा लागतो. पातळ पत्रा फार मोठा दाब सोसू शकत नाही. म्हणून रिमफायर काडतूस स्वभावतःच लहान, सौम्य आणि स्वस्त राहिले.

त्याचा उगमही घरगुती करमणुकीत आहे. १८४५ च्या सुमारास पॅरिसच्या लुई-निकोला फ्लोबेर या बंदूककाराने बंदुकीच्या आघातटोपीतच एक चिमुकली गोळी बसवली आणि दिवाणखान्यात नेम धरण्याचा खेळ सुरू झाला. १८५७ मध्ये अमेरिकेत स्मिथ अँड वेसन यांनी .२२ शॉर्ट हे काडतूस आणले. १८८७ मध्ये स्टीव्हन्स कंपनीचे .२२ लाँग रायफल आले. जगभर आजही सर्वाधिक वापरले जाणारे रिमफायर काडतूस तेच आहे.

लष्करी रायफलींचा प्रवास नेमका उलट दिशेने चालला होता. ब्रिटिश लष्कराने १८८८ मध्ये .३०३ चे काडतूस स्वीकारले. १९१० मध्ये आलेल्या त्याच्या सातव्या आवृत्तीत सुमारे ११.३ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ७४० मीटर वेगाने बाहेर पडत असे. .२२ लाँग रायफलची गोळी २.६ ग्रॅमची आणि तिचा वेग सुमारे ३३० मीटर. या दोन गोळ्यांची गतिज ऊर्जा काढली तर पहिलीची सुमारे ३१०० ज्यूल आणि दुसरीची सुमारे १४० ज्यूल येते.

शिकणाऱ्याच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा आहे तो खांद्यावर बसणारा धक्का. संवेग अक्षय्यतेच्या नियमानुसार गोळीला पुढे जितका संवेग मिळतो, तितकाच रायफलीला मागे मिळतो. .३०३ च्या गोळीचा संवेग सुमारे ८.४ एकक, .२२ चा सुमारे ०.८६, म्हणजे जवळजवळ दहास एक. रायफल दोन्ही वेळा चार किलोचीच असेल, तर तिचा मागे येण्याचा वेगही दहापट कमी होतो. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणून धक्क्याची ऊर्जा सुमारे शंभरपट घटते. दारूच्या वायूंचा हिशेब यात धरलेला नाही. तो धरला तर मोठ्या काडतुसाचा धक्का आणखी वाढतो आणि अंतर अधिकच रुंदावते.

हा धक्का नवशिक्याचा नेम कसा बिघडवतो, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. गोळी नळीतून बाहेर पडायला एक ते दोन मिलिसेकंद पुरतात. माणसाला दचकायला मात्र, अगदी डोळ्याची पापणी मिटायलासुद्धा, वीस-तीस मिलिसेकंद तरी लागतात. म्हणजे सुटलेल्या गोळीच्या आवाजाने किंवा धक्क्याने दचकून त्याच गोळीचा नेम चुकणे शक्य नाही. ती केव्हाच निघून गेलेली असते. तरीही धक्क्याला भ्यालेल्या शिकाऊ नेमबाजाची गोळी चुकते, कारण तो या धक्क्याला दचकत नाही, तर येऊ घातलेल्या धक्क्याला दचकतो. घोडा ओढण्याच्या क्षणभर आधीच त्याचा खांदा आवळतो, डोळा मिटतो आणि नळी हलते. पाव्हलोव्हच्या कुत्र्याला घंटेबरोबर लाळ सुटावी, तसे हे शरीराने शिकलेले अभिसंधान आहे. दहा-वीस जोरदार धक्क्यांत ते अंगात भिनते आणि काढायला महिने लागतात. प्रशिक्षक यावर एक साधी चाचणी घेत आले आहेत. नेमबाजाला न सांगता जिवंत काडतुसांमध्ये एखादे निकामी काडतूस मिसळायचे. घोडा ओढला, बार झाला नाही, तरी नळीने बुडी मारली, तर दोष रायफलीचा नसून मनातल्या भीतीचा आहे हे सर्वांसमोर सिद्ध होते.

यावरचा उपाय तर्काने सोपा होता. हातातले शस्त्र तेच ठेवायचे, म्हणजे वजन, तोल, घोड्याचा ताण आणि नेम धरण्याची पद्धत अंगवळणी पडेल. केवळ काडतूस लहान करायचे, म्हणजे भीती अंगवळणी पडणार नाही. प्रत्यक्षात हे साधायला कारागिरांना चाळीस वर्षे लागली.

१८८० च्या दशकात रिचर्ड मॉरिस याने ‘मॉरिस ट्यूब’ आणली. मार्टिनी-हेन्री या तत्कालीन लष्करी रायफलीच्या मोठ्या नळीत एक बारीक नळी सरकवून बसवायची आणि तिच्यातून चिमुकली गोळी झाडायची, अशी ती योजना. तिचे काडतूस लहान असले तरी सेंटरफायरच होते, त्यामुळे फायरिंग पिनची जागा बदलावी लागत नसे. पण त्यासाठी खास काडतुसे बनवावी लागत. शिवाय काढता-घालता येणारी नळी प्रत्येक वेळी केसभरही न हलता त्याच जागी बसेल, याची खात्री नसते. आणि नेमबाजीत केसभराचा फरक पुढे वीतभर होतो.

या प्रश्नाला राष्ट्रीय निकड आली ती दक्षिण आफ्रिकेत. डिसेंबर १८९९ मध्ये स्टॉर्मबर्ग, मागर्सफाँटीन आणि कोलेन्सो या तीन ठिकाणी एकाच आठवड्यात ब्रिटिश सैन्य बोअर शेतकऱ्यांकडून पराभूत झाले. लहानपणापासून बंदूक हाताळणारा शेतकरी लांबून अचूक नेम साधत होता आणि कवायतीत तरबेज शिपाई त्याच्यापुढे उणा पडत होता. भारतात १८८५ ते १८९३ या काळात सरसेनापती असताना नेमबाजीवर भर देणाऱ्या लॉर्ड रॉबर्ट्स यांनी मग इंग्लंडमध्ये सामान्य कामकऱ्यांसाठी नेमबाजी मंडळांची चळवळ उभी केली. शहरात हजार यार्डांची चांदमारी कुठून आणायची? उत्तर होते .२२ रिमफायर. पंचवीस यार्डांची बंदिस्त जागा आणि मागे भक्कम भिंत एवढ्यावर काम भागे. दोनशे यार्डांवरचे लक्ष्य आठपट लहान करून पंचवीस यार्डांवर टांगले, तर डोळ्याशी होणारा कोन तोच राहतो.

१९०७ मध्ये ब्रिटिश लष्कराने जुन्या ली-मेटफर्ड रायफली रूपांतरित करून .२२ ची अधिकृत प्रशिक्षण रायफल मान्य केली. रूपांतराचे मर्म दोन गोष्टींत होते. एक, नळी अरुंद करणे. जुनी नळी आतून पोखरून तिच्यात नवी बारीक नळी कायमची बसवण्याची पद्धत यासाठी रूढ झाली. दोन, बोल्टचे तोंड बदलणे. मध्यावर आदळणारी पिन आता काडतुसाच्या कडेवर आदळायला हवी होती. जुनी झालेली, लढाईच्या कामातून गेलेली शस्त्रे अशा रीतीने शिक्षक म्हणून पुन्हा कामाला लागली.

पहिल्या महायुद्धात लाखो नवे रंगरूट भरती झाले आणि एक अपुरेपणा जाणवू लागला. शिकाऊ रायफलीत एकेक गोळी हाताने ठेवावी लागे. बोल्ट झपाट्याने चालवून मॅगझिनमधून काडतूस घेण्याचा सराव तिच्यावर होत नसे. त्यावर १९१८ च्या नमुन्यात एक चतुर तोड निघाली. .३०३ च्या काडतुसाच्या आकाराची धातूची पोकळ प्रतिकृती करायची आणि तिच्या पोटात .२२ चे काडतूस ठेवायचे. मॅगझिनला वाटे की मोठे काडतूसच आले आहे. अमेरिकेतही स्प्रिंगफिल्ड रायफलीसाठी हॉफर आणि थॉम्पसन यांच्या नावाने ओळखली जाणारी अशीच व्यवस्था होती.

कल्पना देखणी होती, पण टिकली नाही. प्रत्येक प्रतिकृती हाताने भरायची, रिकामी करायची, स्वच्छ ठेवायची. यात शिक्षणाचा वेळ जाई, आणि अचूकताही घटे. अखेर ब्रिटिशांनी १९२१ मध्ये जी रायफल मान्य केली, तिने हा हव्यास सोडून दिला. १९२६ पासून ‘नंबर २ मार्क ४’ या नावाने ओळखली गेलेली ही रायफल एका वेळी एकच गोळी घेई. तिचे मॅगझिन झाडलेली रिकामी काडतुसे साठवण्याची पेटी एवढ्याच कामाचे उरले. अमेरिकेने १९२२ मध्ये प्रतिकृतीचा मार्ग सोडून .२२ साठीच घडवलेली रायफल काढली. दोन्ही देश स्वतंत्रपणे एकाच निष्कर्षाला आले होते. नवशिक्याला आधी सावकाश, एकेक गोळी विचारपूर्वक झाडू द्यावी. वेग नंतर येतो.

भारतात या कथेला निराळा पदर आहे. बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून ली-एनफिल्ड बनू लागली, पण ती हातात घेऊन शिकण्याचा अधिकार येथील नागरिकाला नव्हता. १८७८ च्या शस्त्र कायद्याने भारतीयांना परवान्याच्या जाचात अडकवले आणि युरोपीय व अँग्लो-इंडियन रहिवाशांना त्यातून सूट दिली. स्वयंसेवक पलटणींची दारेही सामान्य भारतीयाला बंद होती. काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांत या भेदभावाविरुद्ध ठराव झाले. इंग्लंडमधल्या गिरणीकामगाराला संध्याकाळी मंडळात जाऊन जे शिकता येत होते, ते मुंबईच्या किंवा पुण्याच्या पदवीधराला शिकता येत नव्हते. महायुद्धाच्या गरजेपोटी १९१७ मध्ये विद्यापीठांत विद्यार्थी पलटणी निघाल्या, तेव्हा हे दार किंचित उघडले. कोलकात्याच्या अशाच तुकडीत सुभाषचंद्र बोस यांनी विद्यार्थिदशेत लष्करी शिक्षण घेतले.

स्वातंत्र्यानंतर, पंडित हृदयनाथ कुंझरू समितीच्या शिफारशींवरून १९४८ च्या कायद्याने राष्ट्रीय छात्र सेना, म्हणजे एनसीसी, स्थापन झाली. तेव्हा नंबर २ मार्क ४ आणि तिच्या .२२ च्या भगिनी शाळा-महाविद्यालयांतल्या मुलामुलींच्या हाती आल्या. असंख्य भारतीयांनी आयुष्यातली पहिली, आणि बहुधा शेवटची, गोळी झाडली ती या रायफलीतूनच. वाळूच्या पोत्यावर नळी टेकवून, छातीवर पालथे पडून, पंचवीस यार्डांवरच्या कागदावर पाच छिद्रे शक्य तितकी जवळ पाडणे हा तो धडा. प्रशिक्षक आधी पाहतो तो छिद्रांचा मध्याशी असलेला संबंध नव्हे, तर त्यांचा परस्परांशी असलेला संबंध. छिद्रे एकत्र पडली पण बाजूला पडली, तर नेम सुधारता येतो. विखुरली, तर शरीरच अजून स्थिर झालेले नाही.

या पद्धतीच्या मर्यादाही लपून राहिल्या नाहीत. पंचवीस यार्डांवर कोनाची नक्कल होते; वाऱ्याची, गुरुत्वाने खाली झुकणाऱ्या मार्गाची, अंतर अजमावण्याची होत नाही. आणि मोठ्या रायफलीचा धक्का टाळला म्हणजे तो कायमचा टळत नाही. सैनिकाला कधीतरी तो खांद्यावर घ्यावाच लागतो. फरक इतकाच, की तोवर श्वास, डोळा आणि बोट यांचा मेळ बसलेला असतो. ‘सौम्य’ हा शब्दही सापेक्ष आहे. .२२ ची गोळी दीड किलोमीटरच्या आसपास जाऊ शकते आणि प्राण घेऊ शकते. म्हणून चांदमारीची शिस्त दोन्ही काडतुसांना सारखीच लागू असते. शस्त्रात असे रूपांतर करणे हे शस्त्रशाळेचे काम आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय ते करणे गुन्हा ठरतो.

पुढे अमेरिकेच्या एम-१६ रायफलीसाठीही .२२ चा जोडसंच निघाला. तिच्या नळीचा व्यास मुळातच ५.५६ मिलिमीटर असल्याने नळीला हात न लावता केवळ बोल्टच्या जागी दुसरा भाग बसवून काम भागले. त्यानंतर पडद्यावर लक्ष्य दाखवणारी, प्रकाशकिरणांनी नेम मोजणारी सराव-यंत्रे आली. साधन बदलले तरी तत्त्व तेच राहिले : शिकणाऱ्याच्या हातातली वस्तू खरी वाटावी, पण चुकीची शिक्षा लहान असावी.

लष्कराच्या गरजेतून वाढलेल्या या चिमुकल्या काडतुसाने भारताला युद्धाबाहेरही बरेच काही दिले. अंजली भागवत यांची नेमबाजीशी ओळख एनसीसीमुळे झाली. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने ५० मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या स्पर्धेत ४५१.४ गुणांसह कांस्यपदक जिंकले; या प्रकारात ऑलिम्पिक पदक मिळवणारा तो पहिला भारतीय. त्याच्या अत्याधुनिक रायफलीत आणि छात्र सैनिकाच्या झिजलेल्या मार्क ४ मध्ये काहीच साम्य नाही, एक गोष्ट सोडली तर : दोघींच्या नळीतून जाते ते १८८७ चेच .२२ लाँग रायफल काडतूस.