समस्या-निराकरण शैलींचे मूल्यमापन

समस्या-निराकरण शैलींचे मूल्यमापन म्हणजे विद्यार्थी एखादा प्रश्न कोणत्या मार्गाने सोडवतो, याची पद्धतशीर नोंद घेणे होय. शैली ही क्षमतेहून वेगळी मानली जाते. संगणक व मोबाइलद्वारे होणारे अध्यापन विद्यार्थ्यानुरूप करण्यासाठी अशा नोंदी उपयोगी पडतात.

संकल्पनेचा विकास

गणितज्ञ जॉर्ज पोल्या यांनी १९४५ मध्ये समस्या समजणे, योजना आखणे, ती अमलात आणणे व उत्तराचा फेरविचार करणे हे चार टप्पे मांडले. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ मायकेल कर्टन यांनी १९७६ मध्ये रूढ चौकटीत सुधारणा करणारे 'अनुकूलक' आणि चौकटच बदलू पाहणारे 'नवप्रवर्तक' असा भेद केला.

उदाहरण

बारामती व इंदापूर तालुक्यांचा काही भाग नीरा डाव्या कालव्यामुळे बागायती, तर काही जिरायती आहे. त्यामुळे शेततळ्याचे गणित तेथील विद्यार्थ्यांच्या परिचयाचे असते. उभ्या भिंतींचे २० मीटर लांब, १५ मीटर रुंद व ३ मीटर खोल तळे पूर्ण भरलेले आहे. रोज ३०,००० लिटर उपसा केल्यास पाणी किती दिवस पुरेल?

एक विद्यार्थी घनफळावरून ९ लाख लिटर काढून भागाकार करतो. दुसरा आकृती काढून पातळी रोज १० सेंटिमीटर उतरते, असे ताडतो. दोघांचेही उत्तर ३० दिवस येते. केवळ पर्याय तपासणाऱ्या संगणकीय चाचणीत हा फरक दिसत नाही. मात्र बाष्पीभवनाने रोज १ सेंटिमीटर पाणी कमी होते असे धरल्यास दुसरी रीत सोपी ठरते. पाणी सुमारे २७ दिवस पुरते.

अध्यापनातील उपयोग

महाराष्ट्रात २०१० पासून लागू झालेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनातील निरीक्षण, तोंडी काम व प्रकल्प ही साधने अशा नोंदींसाठी वापरता येतात. बालभारतीच्या पुस्तकांतील क्यूआर कोडवरून दीक्षा मंचावरील साहित्य पाहता येते. त्याला 'उत्तर कसे काढले?' या प्रश्नाची जोड दिल्यास चूक आकडेमोडीत आहे, एककांच्या रूपांतरात आहे की प्रश्नाच्या आकलनात, हे शिक्षकाला कळते व पुढील पाठ त्यानुसार निवडता येतो.

मर्यादा

शैलीनुसार अध्यापन केल्यास अध्ययन सुधारते या मतास पुरेसा पुरावा नसल्याचे हॅरोल्ड पॅशलर व सहकाऱ्यांनी २००८ च्या समीक्षेत दाखवले. उत्तरास लागलेला वेळही फसवा असू शकतो. संथ इंटरनेट किंवा भावंडांत सामाईक मोबाइल हे त्याचे कारण असू शकते. म्हणून शैलीचा शिक्का विद्यार्थ्यावर कायमचा न मारता, त्याला दुसरी रीतही शिकवणे हा या मूल्यमापनाचा अधिक उचित उपयोग ठरतो.