तिघांचे दोघे झाले, तरी डेपेश मोडचा 'मेमेंटो मोरी' जुन्या चाहत्यांना आपला का वाटला?

४ ऑक्टोबर २०२२. जर्मनीची राजधानी बर्लिन. 'बर्लिनर एन्सांबल' या जुन्या नाट्यगृहात पत्रकार जमले होते. डेपेश मोड हा ब्रिटिश इलेक्ट्रॉनिक बँड नव्या अल्बमची आणि जगभरच्या दौऱ्याची घोषणा करणार होता.

गेली अनेक वर्षं अशा वेळी तीन माणसं समोर यायची. या वेळी दोनच आली. गायक डेव्ह गहान आणि बहुतेक गाणी लिहिणारे मार्टिन गोर. तिसरे, अँडी फ्लेचर, चार महिन्यांपूर्वी, २६ मे रोजी गेले होते. वय होतं ६० वर्षं.

अल्बमचं नाव सांगितलं गेलं, 'मेमेंटो मोरी'. लॅटिनमध्ये याचा अर्थ होतो, 'आपल्याला मरायचं आहे, हे लक्षात ठेव.'

फ्लेचर यांच्या आठवणीत हे नाव ठेवलं असावं, असं अनेकांना वाटलं. पण गाणी कोरोनाच्या काळात लिहायला घेतली होती आणि नावही फ्लेचर हयात असतानाच ठरलं होतं. २४ मार्च २०२३ ला अल्बम आला, तेव्हा तीस-चाळीस वर्षं हा बँड ऐकणाऱ्यांनी तो नुसता नवी गाणी म्हणून ऐकलाच नाही.

मग त्यांनी त्यात काय ऐकलं? आणि जुन्या बँडचा नवा अल्बम आला की चाहत्यांमध्ये दरवेळी तेच वाद का होतात?

डेपेश मोड म्हणजे कोण?

१९८० मध्ये इंग्लंडच्या एसेक्स परगण्यातल्या बॅसिल्डन या गावात हा बँड सुरू झाला. विन्स क्लार्क, गोर, फ्लेचर आणि गहान, सगळे विशीच्या आतबाहेरचे. गिटारऐवजी त्यांनी सिंथेसायझर घेतले. नाव घेतलं एका फ्रेंच फॅशन मासिकावरून.

१९८१ मध्ये 'स्पीक अँड स्पेल' हा पहिला अल्बम आला. त्यातली बहुतेक गाणी क्लार्क यांची होती आणि ते त्याच वर्षी बँड सोडून गेले. मुख्य गीतकारच गेल्यावर बँड संपेल, असं वाटणं साहजिक होतं. पण गोर यांनी लिहिण्याचं काम अंगावर घेतलं. १९८२ मध्ये अ‍ॅलन वाइल्डर हे संगीताचं रीतसर शिक्षण घेतलेले वादक आले.

पुढची तेरा वर्षं हे चौघं एकत्र होते. 'ब्लॅक सेलिब्रेशन' (१९८६), 'म्युझिक फॉर द मासेस' (१९८७), 'व्हायोलेटर' (१९९०) आणि 'साँग्ज ऑफ फेथ अँड डिव्होशन' (१९९३) हे अल्बम याच काळातले. जुन्या चाहत्यांना विचारलं तर 'खरा' डेपेश मोड हाच.

प्रत्येक नव्या अल्बमची तुलना 'व्हायोलेटर'शी का होते?

याचं उत्तर बऱ्याच अंशी वाइल्डर यांच्यात आहे.

'एन्जॉय द सायलेन्स' हे बँडचं सगळ्यात गाजलेलं गाणं. गोर यांनी ते आधी संथ लयीत, हार्मोनियमवर बसवलं होतं. त्याला वेग द्यावा, नाचता येईल असा ठेका द्यावा, हे वाइल्डर यांनी सुचवलं. गोर यांना सुरुवातीला ते पटलं नव्हतं. शेवटी वाइल्डर आणि निर्माता फ्लड यांनी गाण्याला जो आकार दिला, तोच जगाने ऐकला.

म्हणजे गाणं गोर यांचं, आवाज गहान यांचा, पण थरावर थर रचून त्याची इमारत उभी करण्यात मोठा वाटा वाइल्डर यांचा. १ जून १९९५ ला त्यांनी बँड सोडला. कामाची वाटणी सारखी नाही आणि केलेल्या कामाची दखल घेतली जात नाही, ही त्यांची तक्रार होती.

तेव्हापासून, म्हणजे १९९७ च्या 'अल्ट्रा'पासून, जुने चाहते प्रत्येक अल्बमला एकच प्रश्न विचारत आले आहेत. वाइल्डर असते तर हे गाणं कसं झालं असतं?

१७ फेब्रुवारी २०१० ला लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये एका मदतनिधीच्या कार्यक्रमात वाइल्डर अचानक स्टेजवर आले आणि एका गाण्याला पियानोची साथ करून गेले. त्या काही मिनिटांची चर्चा चाहते अजूनही करतात.

इलेक्ट्रॉनिक बँडची अडचण जास्त का असते?

गिटारवर वाजणाऱ्या बँडचं वाद्य चाळीस वर्षांत फारसं बदलत नाही. सिंथेसायझरवाल्यांचं तसं नाही. त्यांचं यंत्र दर चार-पाच वर्षांनी बदलतं आणि प्रत्येक यंत्राचा आवाज आपल्या काळाचा शिक्का घेऊन येतो.

१९८३-८४ च्या सुमारास सॅम्पलर नावाचं यंत्र नवं होतं. बाहेरचा कुठलाही आवाज त्यात भरायचा आणि तो कीबोर्डवर सुरात वाजवायचा. डेपेश मोडची मंडळी बांधकामाच्या ठिकाणी जाऊन लोखंडावर ठोकल्याचे आवाज भरून आणायची. तेव्हा ते ऐकून लोक चकित व्हायचे. आज तेच काम फोनवरच्या एका अ‍ॅपवर होतं.

त्यामुळे अशा बँडपुढे दोनच वाटा राहतात. जुना आवाज पुन्हा काढला तर 'स्वतःचीच नक्कल करतात' हा आरोप. नवा काढला तर 'हे आता आमचे राहिले नाहीत' ही तक्रार.

तक्रारी कधी अगदी तांत्रिकही असतात. २००५ च्या 'प्लेइंग द एंजल'ची गाणी अनेकांना आवडली, पण ध्वनिमुद्रण गरजेपेक्षा जास्त मोठ्या आवाजात दाबून बसवलंय, यावर चाहत्यांचा राग होता. मैफलीत ड्रम मशीनऐवजी माणूस ड्रम वाजवतो, हेही काहींना विसाव्या शतकाच्या शेवटापासून आजपर्यंत पटलेलं नाही.

'काहीच न करणारे' फ्लेचर इतके महत्त्वाचे का होते?

डेपेश मोडच्या बाबतीत हा सगळ्यात गमतीचा आणि आता सगळ्यात हळवा मुद्दा आहे.

फ्लेचर गाणी लिहीत नव्हते. मुख्य गायक नव्हते. स्टुडिओत त्यांचं वाजवणं फार नसायचं. १९८९ च्या '१०१' या माहितीपटात त्यांनी स्वतःच हसत सांगितलं होतं की बाकी तिघांना आपापलं काम आहे, आपण नुसते इकडेतिकडे फिरतो. चाहत्यांनी त्यावरून तीस वर्षं त्यांची थट्टा केली.

पण बराच काळ बँडला पूर्णवेळ व्यवस्थापक नव्हता, तेव्हा हिशोब, करार, बैठका हे सगळं फ्लेचर बघायचे. गोर यांचे ते शाळेपासूनचे मित्र. गोर आणि गहान यांचे स्वभाव वेगळे, त्यामुळे दोघांच्या मधे उभं राहणारा माणूस म्हणजे फ्लेचर. २६ मे २०२२ ला घरीच महाधमनीला चीर पडून त्यांचं निधन झालं.

फ्लेचर गेल्याने ध्वनिमुद्रणात फार काही कमी होणार नव्हतं. तरीही बँड पुढे चालेल का, हा प्रश्न चाहत्यांना पडला. बँड म्हणजे फक्त ऐकू येणारे सूर नसतात, हे त्या वेळी सगळ्यांना कळलं.

अल्बममध्ये काय आहे?

ध्वनिमुद्रण आधीच ठरलं होतं. गहान आणि गोर यांनी ते पुढे ढकललं नाही. २०२२ च्या उन्हाळ्यातच ते कॅलिफोर्नियात कामाला बसले. निर्माते होते जेम्स फोर्ड, आणि त्यांच्या जोडीला मार्टा सालोन्यी.

अल्बममध्ये बारा गाणी आहेत. चार गाणी गोर यांनी 'सायकेडेलिक फर्स' या बँडचे गायक रिचर्ड बटलर यांच्यासोबत लिहिली. बाहेरच्या माणसासोबत बँडसाठी गाणी लिहिणं हे गोर यांना नवीन होतं. 'वॅगिंग टंग' हे गाणं गहान आणि गोर यांनी मिळून लिहिलं, आणि हेही त्यांच्याकडे क्वचितच घडतं.

पहिलं गाणं 'घोस्ट्स अगेन' फेब्रुवारी २०२३ मध्ये आलं. त्याचा व्हिडिओ अँटोन कॉर्बाइन यांनी केला, जे १९८६ पासून या बँडचं दृश्यरूप घडवत आले आहेत. कृष्णधवल चित्रण. इमारतीच्या गच्चीवर गहान आणि गोर समोरासमोर बुद्धिबळ खेळतायत. इंगमार बर्गमन यांच्या १९५७ च्या 'द सेव्हन्थ सील' या सिनेमात एक सरदार मृत्यूशी बुद्धिबळ खेळतो, त्याचा हा संदर्भ.

जुन्या चाहत्यांना काय आवडलं, काय खटकलं?

आधीचा अल्बम 'स्पिरिट' (२०१७) राजकारणावर बोलणारा होता. त्यात राग होता, पण गुणगुणावं असं कमी आहे, असं अनेक जुन्या चाहत्यांचं म्हणणं होतं. 'मेमेंटो मोरी'त चाली परत आल्या. 'घोस्ट्स अगेन' मृत्यूबद्दल आहे, पण त्याची चाल उजळ आहे. दुःखाच्या शब्दांना नाचता येईल असा ठेका, ही तर डेपेश मोडची जुनी खूण.

'पीपल आर गुड' या गाण्याच्या नावातच १९८४ च्या 'पीपल आर पीपल'ची आठवण आहे. त्या वेळी तरुण गोर यांनी माणसं एकमेकांशी अशी का वागतात, हे विचारलं होतं. साठीतले गोर आता माणसं चांगली असतात, अशी स्वतःचीच समजूत घालताना ऐकू येतात, आणि त्यावर त्यांचा पुरता विश्वास नाही हेही कळतं. हा धागा फक्त जुन्या श्रोत्यालाच चटकन सापडतो.

नाराजीही होती. अल्बम सगळा संथ आहे, मधली काही गाणी लक्षात राहत नाहीत, 'व्हायोलेटर'मधला ताण इथे नाही, या तक्रारी झाल्या. पण 'या अल्बमची गरजच काय होती' हा जुन्या बँडबद्दल नेहमी येणारा प्रश्न या वेळी फारसा कुणी विचारला नाही. अनेकांनी गेल्या पंधरा-वीस वर्षांतलं हे बँडचं सर्वोत्तम काम म्हटलं.

जर्मनीत अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला, ब्रिटनमध्ये दुसऱ्या. 'वॅगिंग टंग'ला 'वेट लेग' या तरुण ब्रिटिश बँडने नवं रूप दिलं आणि त्याला २०२४ चा सर्वोत्तम रिमिक्सचा ग्रॅमी मिळाला. म्हणजे जुन्यांच्या गाण्यात नव्यांनाही काहीतरी सापडलं.

चाहते इतके गुंतलेले का असतात?

७ मार्च १९८८ ला डेपेश मोडने पूर्व बर्लिनमध्ये कार्यक्रम केला. बर्लिनची भिंत तेव्हा उभी होती. पश्चिमेकडचा बँड प्रत्यक्ष बघायला मिळणं हीच तिथल्या तरुणांसाठी अपूर्व गोष्ट होती. रशियात ९ मे हा दुसऱ्या महायुद्धातला विजयदिन. गहान यांचा वाढदिवसही त्याच तारखेला, म्हणून तिथले चाहते काळे कपडे घालून 'डेव्ह दिवस' साजरा करत आले. काहींसाठी हा बँड म्हणजे बंद खोलीची खिडकी होती.

२०१७ मध्ये बँडने आपलं फेसबुक पान वर्षभर चाहत्यांच्या हाती दिलं. दररोज वेगळा चाहता आपली गोष्ट सांगायचा. त्यातूनच सहा चाहते घेऊन कॉर्बाइन यांनी 'स्पिरिट्स इन द फॉरेस्ट' (२०१९) हा माहितीपट केला. त्यात अपघातानंतर स्मृती गेलेली एक बाई आहे. बाकी सगळं पुसलं गेलं, पण डेपेश मोडची गाणी आठवत राहिली.

अशा माणसाला नव्या अल्बमला 'पाचपैकी किती गुण' विचारून उपयोग नसतो. तो गाण्याची तुलना जुन्या गाण्याशी करतो, तशीच स्वतःची तुलना जुन्या स्वतःशीही करत असतो.

मैफलीत काय झालं?

दौरा मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतल्या सॅक्रामेंटोमध्ये सुरू झाला आणि ८ एप्रिल २०२४ ला जर्मनीतल्या कोलोनमध्ये संपला. कार्यक्रमाची सुरुवात जुन्या हिट गाण्यांनी झाली नाही. पहिली दोन्ही गाणी नव्या अल्बमची होती. जुन्यांना त्यांची वेळ पुढे मिळायची. 'नेव्हर लेट मी डाउन अगेन'ला हजारो हात एकाच लयीत डावी-उजवीकडे हलायचे, अगदी १९८८ च्या पॅसाडिनामधल्या त्या प्रसिद्ध कार्यक्रमासारखेच.

'वर्ल्ड इन माय आइज' हे गाणं फ्लेचर यांना अर्पण केलेलं असायचं. ते सुरू झालं की मागच्या पडद्यावर त्यांचा चेहरा यायचा. ज्यांनी तीस वर्षं 'हे नेमकं करतात काय' म्हणून त्यांची थट्टा केली, तेच लोक त्या वेळी सगळ्यात मोठ्याने टाळ्या वाजवायचे.

सप्टेंबर २०२३ मध्ये मेक्सिको सिटीत सलग तीन कार्यक्रम झाले. त्यावर दिग्दर्शक फर्नांडो फ्रियास यांनी 'डेपेश मोड: एम' हा चित्रपट केला, जो २०२५ मध्ये आला. मेक्सिकोत गेलेल्या माणसांसाठी दरवर्षी फुलं, दिवे आणि गाण्यांनी सण करतात. 'मेमेंटो मोरी'ची गाणी तिथे परकी वाटली नाहीत.

'व्हायोलेटर' पुन्हा होणार नाही, हे जुन्या चाहत्यांनाही माहीत आहे. १९९० मध्ये विशीत असलेला श्रोता आज पन्नाशी ओलांडून गेलाय. त्याच्याही ओळखीच्या माणसांतली काही आता नाहीत. चौघांचे तिघे आणि तिघांचे दोघे झालेला बँड उरलेल्यांनी पुढे कसं जायचं यावर गाऊ लागला, तेव्हा त्याला ती गाणी आपली वाटली.