धाबं, टिन, स्लॅब

बाळापुरात सोलरसाठी घर पाहायला गेलो की मी आधी टेप काढत नाही. स्लॅब कधी टाकला ते विचारतो, आणि त्याआधी डोक्यावर काय होतं तेही विचारतो. पुष्कळांना हा प्रश्न अवांतर वाटतो. पण आमच्या गावात एकाच भिंतीवर दोन-तीन पिढ्यांत तीन-तीन छतं येऊन गेलेली आहेत, आणि वर काहीही बसवलं तरी त्याचा भार शेवटी त्या भिंतीवरच येतो. बाहेरून आलेली माणसं मोबाईलवर उपग्रहाचं चित्र बघून अर्ध्या तासात कोटेशन देतात. त्या चित्रात छताची लांबी-रुंदी दिसते, छताचं वय दिसत नाही.

बाळापूर हे मन आणि म्हैस या नद्यांच्या काठचं गाव. बाळादेवीवरून नाव पडलेलं. अकबराच्या काळातल्या 'आईन-इ-अकबरी'त वऱ्हाडच्या सुभ्यात आमच्या परगण्याची नोंद आहे. किल्ला औरंगजेबाचा मुलगा आझमशहा याने बांधायला घेतला आणि एलिचपूरचा नवाब इस्माईलखान याने 1757 साली पुरा केला. त्याचे तट-बुरूज विटांचे आहेत, आणि त्या विटा पाहून आजचा मिस्त्रीही हात लावून बघतो. मिर्झाराजा जयसिंगाची म्हणून ओळखली जाणारी दगडी छत्री नदीकाठी उभी आहे. लोक किल्ला आणि छत्री पाहायला येतात. मला मात्र वाटतं, बाळापूरचा खरा बांधकामाचा इतिहास किल्ल्याभोवतीच्या घरांच्या छतांवर आहे, आणि तो कोणी लिहून ठेवलेला नाही.

जुन्या वस्तीत अजून काही धाबी शिल्लक आहेत. धाबं म्हणजे मातीचं सपाट छत. जाड भिंतींवर सागाच्या नाहीतर निंबाच्या कड्या, कड्यांवर फळ्या किंवा दाटीने अंथरलेल्या तुराट्या-पऱ्हाट्या, त्यावर निंबाचा पाला, मग चिखलाचा थर आणि सगळ्यांत वर खारी माती. ही माती पहिल्या पावसात चिकट होऊन बसते आणि पाणी खाली उतरू देत नाही. मृगाच्या आधी दरवर्षी जुनी माती खरवडायची, नवी टाकायची, उंदरांची बिळं बुजवायची, पन्हाळी मोकळ्या करायच्या. या कामात अख्खं घर लागायचं. त्या जाड थरामुळे वैशाखातही खालची खोली गार राहायची. अकोल्याचा पारा मे महिन्यात 45 अंशांच्या पुढे जातो हे ज्याने अंगावर सोसलंय, त्याला त्या गारव्याची किंमत सांगावी लागत नाही.

धाब्याने नुसती सावली दिली नाही, उन्हालाही घरकामात जागा दिली. होळी सरली की बाया धाब्यावर जुनी लुगडी अंथरत. कुरडया, पापड, शेवया, मुगाच्या वड्या, सांडगे, बिबड्या. लाल मिरच्या, हळद, डाळीसाठी पाणी लावून ठेवलेली तूर. कोणती वस्तू सकाळच्या कोवळ्या उन्हात ठेवायची आणि कोणती भरदुपारी, सावली कुठून कुठे सरकते, वारा कोणत्या बाजूने धूळ आणतो, हे त्यांना तोंडपाठ होतं. रात्री तिथेच बाजा पडत, पाण्याची सुरई उशाशी असे. आज मी होकायंत्र आणि मोबाईल घेऊन जे शोधतो, त्यातलं निम्मं या बायांना माहीत होतं. माझ्या धंद्याचे पहिले जाणकार मी त्यांनाच मानतो.

कोणी धाब्याच्या घरावर सोलर बसवता येईल का म्हणून विचारलं, तर तो पहिली शंका वजनाची काढतो. पण वजनाची अडचणच नसते. हातभर मातीचा थर ज्या भिंतींनी पिढ्यान्‌पिढ्या पेलला, त्यांना पॅनेल काहीच नाही. चौरस मीटरला सांगाडा धरूनही पंधरा-वीस किलोच्या आसपास भार पडतो. अडचण आहे वाऱ्याची. पॅनेल म्हणजे आडवं धरलेलं शीड. मे-जूनच्या वावधानात ते खाली दाबलं जात नाही, वर उचललं जातं. आणि धाब्याच्या मातीत बोल्टाला धरायला काही नाही. म्हणून अशा घराला मी छतावर नाही, अंगणात खांब रोवून सांगाडा सुचवतो, किंवा स्पष्ट नाही म्हणतो.

1867 साली नागपूरपर्यंत रेल्वे गेली आणि पारस हे आमचं स्टेशन झालं. गाडीने कापूस जाऊ लागला आणि बाहेरचा माल येऊ लागला. पुढे हळूहळू धाब्यांच्या जागी टिनं चढली. टिनाला दरसाल माती लागत नाही, ते गळत नाही, पैसे असले की आठ दिवसांत घर झाकून होतं. लोकांनी टिन घेतलं यात नवल नाही. पण टिनाखाली दुपारी बसवत नाही, आणि टिनावर पाय ठेववत नाही. छतावरचं सगळं काम अंगणात उतरलं. ज्यांना अंगण नव्हतं त्यांचं वाळवण रस्त्याच्या कडेला आलं. घराच्या वर एक मोकळी खोली असते, ही सवयच एका पिढीपुरती गेली.

मग स्लॅब आला. त्याने धाब्याचा सपाटपणा परत दिला आणि बाया पुन्हा वर गेल्या. माझ्या लेखी गावातली ही मोठी गोष्ट आहे. आज सोलरचं कोटेशन करणारा त्या जागेला 'रिकामी' म्हणतो, तेव्हा मला ते खटकतं.

सोलरचं कोटेशन नवं असलं तरी उन्हाचा हिशेब नवा नाही; त्याचा महाराष्ट्रातला जुना कागद मुंबईचा आहे. विल्यम ॲडम्स नावाचा हायकोर्टातला एक अधिकारी. त्याने कुलाब्यात लहान लहान सपाट आरशांची रांग उभारून सगळं ऊन एका बॉयलरवर पाडलं आणि त्या वाफेवर अडीच अश्वशक्तीचा पंप चालवून दाखवला. 1878 साली त्याने यावर पुस्तकच लिहिलं. म्हणणं साधं होतं: उष्ण देशात इंधन महाग आणि ऊन भरपूर, तर इंधनाच्या जागी ऊन वापरा. मी त्याला आमच्या धंद्यातला पहिला प्रस्ताव म्हणतो, कारण त्याने नुसतं कौतुक केलं नाही, इंधनाच्या खर्चाची तुलना मांडली. त्याचं कोणी ऐकलं नाही. कोळसा जिंकला.

आणि कोळसा आमच्या दारातच जिंकला. 1960 साली वीज मंडळ स्थापन झालं आणि त्याच दशकात पारसच्या औष्णिक वीज केंद्राचे पहिले संच सुरू झाले. पुढे 2008 आणि 2010 मध्ये 250 मेगावॅटचे दोन नवे आले. चिमणी बाळापूरच्या शिवारातून दिसते. तरीही या सगळ्या काळात आमच्याकडे वीज जायची. 2005 नंतरची भारनियमनाची वर्षं वऱ्हाडातल्या खेड्यांनी कशी काढली ते मी जवळून पाहिलं, कारण तेव्हा मी इन्व्हर्टर आणि बॅटऱ्या बसवत होतो. परीक्षेच्या दिवसांत लोक आधी पोरांच्या खोलीत वायर ओढायला सांगत, मग देवघरात.

म्हणून आजही छतावर उभं राहून पहिला प्रश्न येतो तो पैशाचा नसतो. "लाईन गेल्यावर तं चालीन ना हे, भाऊ?" याचं उत्तर मी गोड करून सांगत नाही. बॅटरी नसलेलं, महावितरणच्या लाइनला जोडलेलं सोलर लाइन गेली की आपोआप बंद पडतं. खांबावर चढलेल्या लाइनमनला आपल्या छतावरून गेलेल्या विजेचा झटका बसू नये म्हणून ते तसंच केलेलं आहे. हे आधी न सांगता विकलेलं सोलर गावात दुसऱ्या दहा घरांचं मन मोडतं.

सोलर हा शब्द बाळापुरात पॅनेलच्या खूप आधी आला. महाऊर्जा या सरकारी संस्थेच्या सवलतीतून मिळणारी सौरचुलीची पेटी पुष्कळ घरांत होती: वर काच, झाकणाला आरसा, आत काळे डबे. सकाळी वरण-भाताचे डबे ठेवले की दुपारच्या जेवणाला तयार. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात अपारंपरिक ऊर्जेचा विभागच आहे, आणि उन्हावर माल वाळवायच्या यंत्रांवर तिथे काम झालं. वाळवणाची विद्या धाब्यावरून प्रयोगशाळेत गेली, असं मला ते वाटतं.

घरगुती सोलरला खरं बळ कायद्याने दिलं. 2015 साली राज्य वीज नियामक आयोगाने नेट मीटरिंगचे नियम केले. छतावरची जास्तीची वीज लाइनमध्ये द्यायची आणि रात्री तेवढी परत घ्यायची. मीटर दोन्ही बाजूंचा हिशेब ठेवतं. फेब्रुवारी 2024 मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना आली. दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटला 30,000 रुपये आणि तीन किंवा त्याहून जास्त किलोवॅटला एकूण 78,000 रुपये अनुदान. त्यानंतर माझा फोन थांबलेला नाही.

आता पाहणीचं सांगतो, कारण घाई इथेच होते.

बिल एका महिन्याचं पाहून चालत नाही, वर्षाचं पाहावं लागतं. आमच्याकडे मार्चपासून कूलर लागतो तो पावसाने जोर धरेपर्यंत. त्या चार महिन्यांचं बिल एकीकडे आणि दिवाळीनंतरचं दुसरीकडे. नुसतं मेचं बिल धरून काढलेलं सोलर मोठं होतं, जानेवारीचं धरलं तर तोकडं पडतं. एक किलोवॅट वर्षाच्या सरासरीने दिवसाला चारेक युनिट देतं, आणि त्याला शंभरेक चौरस फूट बिनसावलीची जागा लागते. वैशाखात सगळ्यांत जास्त वीज होईल हाही समज आहे. पॅनेलला ऊन हवं, ताप नको. 25 अंशांच्या वर दर अंशाला 0.35 ते 0.4 टक्के ताकद उतरते, आणि मेच्या दुपारी पॅनेल स्वतः 65 अंशांच्या पुढे तापलेलं असतं. म्हणून त्याच्याखाली वारा खेळता ठेवायचा.

सावली मी डिसेंबर डोळ्यांसमोर आणून मोजतो. 22 डिसेंबरच्या सुमारास बाळापुरात भरदुपारीही सूर्य साधारण 46 अंशांवरच चढतो. तीन फुटी कठड्याची सावली तेव्हा जवळपास तीन फूट पडते, सकाळी नऊला तर कितीतरी लांब. उलट 24 मेच्या आसपास सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि तिथून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत भरदुपारी तो आपल्या उत्तरेकडे असतो. उन्हाळ्यात भरदुपारी पाहिलेल्या छतावर टाकीची सावली दिसतच नाही. दक्षिणेचा निंब असेल तर तो तोडायला मी सांगत नाही. पॅनेल सरकवता येतं.

शेवटची गोष्ट पाण्याची. बाळापूर तालुक्याचा उत्तरेकडचा भाग पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात येतो. तिथल्या बोअरच्या पाण्याने पॅनेल धुतलं की वाळल्यावर काचेवर क्षाराचा पांढरा थर बसतो, आणि तो धुळीपेक्षा वाईट. त्या गावांत मी पावसाचं पाणी साठवायला नाहीतर पिण्याच्या पाण्याची एक बादली वापरायला सांगतो. तीच खारी जमीन अर्थिंगला वीज सोडायला चांगली, पण तांब्या-लोखंडाला खाऊन टाकते. आणि काळ्या मातीला मेमध्ये हात जाईल एवढ्या भेगा पडतात, अर्थिंगचा खड्डा कोरडा होतो. म्हणून खड्ड्याची तपासणी उन्हाळ्यात करायची, पावसाळ्यात नाही.

एका घरी मी स्लॅबवर खडूने रेघा मारत होतो. घरातल्या आजी जिना चढून आल्या, रेघांमधून फिरल्या आणि म्हणाल्या, "बाप्पा, ह्या काचा तुम्ही अख्ख्या स्लॅपवर टाकसान, मंग माह्या कुरडया म्या कुठी घालू?" त्यांच्या मुलाने हसून विषय मोडायचा प्रयत्न केला. मी रेघा पुसल्या. सांगाडा माणूस ताठ उभा राहील एवढा उंच घेतला, खांब कठड्याच्या बाजूला नेले, पूर्वेकडचा पट्टा उघडा ठेवला. लोखंड जास्त लागलं, वाऱ्यासाठी तिरपे आधार द्यावे लागले, खर्च वाढला. मुलाला ते पटवायला वेळ लागला, पण वर सावलीची पडवी तयार झाली आणि उन्हाचा पट्टाही राहिला. तेव्हापासून प्रस्तावाच्या पहिल्या पानावर मी छताचा नकाशा काढतो आणि त्यात वाळवणाची जागा आधी आखतो, पॅनेलची नंतर. पाहणीच्या वेळी घरातल्या बाईला वर बोलावल्याशिवाय मी कागद पुरा करत नाही.

पुष्कळ प्रस्ताव अडतात ते मात्र छताने नाही, बिलाने. बिलावर आजोबांचं नाव असतं, आणि आजोबा जाऊन काळ लोटलेला असतो. खाली दोन भावांच्या चुली, वर स्लॅब एकच. सोलर कोणाच्या मीटरला जोडायचं? अनुदान कोणाच्या खात्यात जाईल? अशा घरात मी दोन्ही भावांना एकत्र बसवतो आणि आधी मीटर नावावर करून घ्यायला सांगतो. तोवर एक रुपयाही घेत नाही.

नवी घरं बांधणाऱ्या मिस्त्र्यांना माझं सांगणं ठरलेलं आहे. स्लॅब टाकतानाच कॉलमच्या सळया वर काढून ठेवा, नंतर भोकं पाडली की गळती आलीच. खाली मीटरपर्यंत एक पाइप भिंतीतून सोडा. आणि पाण्याची टाकी, जिन्याची खोली, दोन्ही उत्तरेला घ्या.