वाटाणा, उंची आणि मधुमेह

घरात दोघातिघांना मधुमेह असला की आपण चटकन म्हणतो, "आमच्या रक्तातच आहे हो!" पण रक्तात आहे म्हणजे नेमके किती, हे मोजायचे कसे? वाचकहो, ह्या प्रश्नाचा इतिहास मोठा भांडणाचा आहे.

मेंडेलचे वाटाण्याचे प्रयोग १८६६ साली छापले गेले आणि १९०० साली पुन्हा उजेडात आले. वाटाणा एक तर पिवळा, नाहीतर हिरवा; मधले काही नाही. माणसाची उंची तशी नसते. गॉल्टनने १८८६ साली २०५ जोडप्यांची व त्यांच्या ९२८ मुलांची उंची ताडून पाहिली, तेव्हा तिथे सगळी चढती भाजणीच दिसली. पिअर्सनचा पक्ष म्हणे, मेंडेलचा नियम इथे लागू नाही. बेटसनचा पक्ष म्हणे, नियम तोच खरा. कोणी हटेना.

भांडण तोडले ते फिशरने, १९१८ साली. एखादा गुण पुष्कळ जनुकांच्या हातचा असेल आणि प्रत्येकाचा वाटा अल्प असेल, तर प्रत्येक जनुक मेंडेलच्या नियमाने वागूनही त्यांची बेरीज सलग दिसते, हे त्याने गणिताने दाखविले.

पण आजार तर असतो किंवा नसतो! फाल्कनरने १९६५ साली तोड सुचविली: आजाराकडे असलेला कल उंचीसारखाच कमीजास्त असतो, तो उंबरठा ओलांडतो तेव्हा आजार दिसतो. ह्या कलात परिस्थितीचाही वाटा आलाच.

पुढे २००७ साली ब्रिटनमध्ये सात आजारांचे प्रत्येकी सुमारे २,००० रोगी आणि तुलनेला ३,००० इतर माणसे घेऊन, प्रत्येकाच्या जनुकद्रव्यातली सुमारे ५ लाख ठिकाणे तपासली गेली. इथे गोम अशी, की विसांत एक चूक चालवून घेणारा नेहमीचा कस लावला, तर २५,००० ठिकाणे निव्वळ योगायोगाने दोषी ठरतील. म्हणून कस फारच कडक ठेवावा लागला. त्यातून जी ठिकाणे निभावली, त्यांतली बहुतेक धोका थोडासाच वाढविणारी निघाली.

एवढी खबरदारी कशासाठी? सुप्रजननशास्त्राला नाव दिले ते गॉल्टननेच, १८८३ साली; फिशरही त्याचा पुरस्कर्ता होता. पुढे त्याच नावाखाली अमेरिकेत आणि जर्मनीत हजारो माणसांवर सक्तीने नसबंदी लादली गेली. आनुवंशिकतेचा आकडा हा एका समाजाचा, एका परिस्थितीतला असतो. त्यावरून एका माणसाचे भविष्य सांगता येत नाही. तेव्हा "रक्तातच आहे" म्हणून हातपाय गाळण्याचे कारण नाही. आहार आणि व्यायाम अजून आपल्या हाती आहेत.